कावेरीचा महाशीर: नदी राज्याची, कायदा केंद्राचा, गळ कुणाचा?

कावेरीतला कुबडाचा महाशीर हा आपल्या देशातल्या गोड्या पाण्यातल्या मोठ्या माशांपैकी एक. 1946 मध्ये म्हैसूरजवळ काबिनी नदीत गळाला लागलेला महाशीर 120 पौंडांचा, म्हणजे जवळपास 54 किलोचा होता. एवढा नावाजलेला मासा, पण 2018 पर्यंत त्याची शास्त्रीय ओळखही पक्की नव्हती. त्या वर्षी तो 'टॉर रेमादेवी' असल्याचं संशोधकांनी दाखवलं आणि त्याच वर्षी 'आययूसीएन'ने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. नाव मिळालं तेव्हा मासा संपत आला होता.

आता कायद्याचं बघू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी राज्यांच्या यादीत आहे. वन्यप्राण्यांचं रक्षण मात्र 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीपासून केंद्र आणि राज्य अशा सामायिक यादीत आलं. म्हणजे तलावाचा लिलाव, जाळ्याचा परवाना हे राज्याचं मत्स्य खातं बघणार. पण नदी अभयारण्यातून वाहत असेल, तर तिथे 1972 चा केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायदा लागतो आणि कारभार वन खात्याकडे जातो. कावेरीचा हा पट्टा 1987 मध्ये अभयारण्य झाला.

भीमेश्वरी, गालीबोर, दोड्डमकळी इथल्या कॅम्पवर देशी-परदेशी हौशी लोक पैसे भरून गळ टाकायला यायचे. आमिष म्हणजे नाचणीचा गोळा. मासा धरायचा, वजन करायचं, परत पाण्यात सोडायचा, हा नियम. गंमत म्हणजे पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या आसपासच्या गावकऱ्यांनाच वाटाडे आणि राखणदार म्हणून कामावर घेतलं होतं. नदीत सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर त्यांचीच नजर असायची. मासा जिवंत राहिला तर आपला पगार चालू, हा हिशोब कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

पण कायद्यातल्या 'शिकार' शब्दात नुसतं मारणं येत नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणंही येतं. शिवाय अभयारण्यातल्या कोणत्याही वन्यजीवाला परवान्याशिवाय हात लावायला कलम 29 ची मनाई. त्यामुळे मासा सोडून दिला तरी ती शिकारच, असा अर्थ लागला आणि 2012 नंतर अभयारण्यातले गळ बंद झाले. त्या वेळी कायद्याच्या अनुसूचीत देवमुशी, समुद्रघोडा असे मुख्यतः समुद्री मासे होते, महाशीर नव्हता. म्हणजे अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकला तर गुन्हा; हद्दीबाहेर त्याच नदीत, त्याच माशासाठी राज्याचे मासेमारीचे नियम!

बंदीच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. अभयारण्यात पैसेवाल्याला गळाची मुभा आणि स्थानिक कोळ्याला जाळ्याची बंदी, हे कसं पटवणार? आणि सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असंही नाही. पण कॅम्प बंद होताच राखणदार गेले आणि सुरुंगवाल्यांना रान मोकळं झालं, अशी तक्रार संशोधकांनी छापील लेखांत केली आहे. माझ्या मते यात खरं नुकसान नोंदवहीचं झालं.

कारण या माशाची घसरण कळली तीच मुळी गालीबोरच्या 1998 ते 2012 च्या गळाच्या नोंदींवरून. कुबडाचा मासा कमी होत गेला आणि निळ्या परांचा महाशीर वाढत गेला, हे त्यात दिसलं. हा निळ्या परांचा मासा कावेरीचा नव्हेच. तो आपल्या कृष्णा-भीमा खोऱ्यातला. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेवरून. 1970 च्या दशकापासून लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची पिल्लं तयार होऊ लागली आणि ती कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता, आणि त्यात हौशी मंडळींचाही हात होता. पाहुणा वाढला, घरचा हटला. बंदीने हे थांबत नाही, कारण कायदा गळाला अडवतो, बाहेरून आणून सोडलेल्या माशाला नाही.

रायगडात वाळणकोंडीला किंवा शृंगेरीत तुंगेच्या घाटावर महाशीर देवाचा म्हणून कुणी धरत नाही, आणि मासे टिकलेत. पण तो डोहापुरता इलाज. कावेरीसारख्या लांबलचक पट्ट्यावर रात्री कोण उभं राहणार?

मोजके परवाने, प्रत्येक माशाची सक्तीची नोंद आणि फीमधून राखणदारांचा पगार, असा मधला मार्ग संशोधक सुचवतात. अभयारण्यात परवानगी द्यायचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा. तो अधिकारी राज्याचा असतो, पण सही करतो ती केंद्राच्या कायद्याखाली.