कार्डिफच्या दप्तरातील छातीचित्रे

आमवाताची लक्षणे सांगताना माधवनिदानाने सांध्यांच्या सुजेबरोबरच ज्वर, अरुची, अंगाची जडता आणि हृदयाची पीडा यांचीही नोंद केलेली आहे. पाश्चात्त्य वैद्यकाला मात्र, आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये या जातीच्या व्याधीस गाउटपासून वेगळे काढून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव दिल्यानंतरही, ती सांध्यांची सीमा ओलांडते हे शाबीत करावयास बराच अवधी लागला. १९२४ मध्ये अमेरिकेत फेल्टी यांनी वाढलेल्या प्लीहेशी, तर १९३३ मध्ये स्वीडनमध्ये श्योग्रेन यांनी कोरड्या पडणाऱ्या डोळ्यांशी तिचा संबंध दाखविला. फुप्फुसाची हकिकत मला याहून मोलाची वाटते, कारण ती खाणकामगारांच्या नुकसानभरपाईच्या दप्तरात सापडली.

दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खाणींत उमेदीची वर्षे घालवून, धूळ छातीत बसल्यामुळे दमेकरी झालेल्या मजुरांचे दावे कार्डिफच्या वैद्यकीय मंडळापुढे रुजू होत, आणि प्रत्येक अर्जदाराच्या छातीचे क्ष-किरण चित्र पाहून मंडळाचे डॉक्टर आपला अभिप्राय देत. त्यांपैकी डॉ. अँथनी कॅप्लन यांच्या नजरेस असे आले की काही चित्रांत, धुळीची नेहमीची बारीक छाया जेमतेम असताना, फुप्फुसाच्या कडेकडेने रेखीव काठांच्या वाटोळ्या गाठी विखुरलेल्या दिसतात, कोणी अर्ध्या सेंटिमीटरची तर कोणी पाचाची. आणि ही चित्रे ज्यांची, त्यांचे सांधे आमवाताने ग्रासलेले असतात. छातीचा निवाडा करण्यास नेमलेल्या माणसाने अर्जदाराच्या वाकड्या बोटांकडेही लक्ष द्यावे, हे मी थोर वैद्यकर्म समजतो. १९५३ मध्ये त्यांनी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि आर्ची कॉक्रन प्रभृती संशोधकांनीही वेल्सच्या खाणकामगारांत या संबंधाचा माग घेतला.

पुढे कार्डिफचेच विकृतिशास्त्रज्ञ जेथ्रो गॉफ, ज्यांनी अखंड फुप्फुसाचा पातळ काप कागदावर चढविण्याची रीत बसविली होती, त्यांनी सहकाऱ्यांसह या गाठी कापून पाहिल्या. मध्यभागी मृत झालेला ऊतींचा गाभा आणि त्याभोवती, झाडाच्या बुंध्यावर असतात तशी, फिकट व काळी वलये. काळेपणा कोळशाच्या धुळीचा, आणि गाभ्याची घडण आमवाती रोग्यांच्या कोपरावर कातडीखाली येणाऱ्या गाठींशी मिळतीजुळती.

एरवी क्षयाच्या किंवा कर्करोगाच्या खात्यावर सहज जमा झाल्या असत्या अशा या गाठी कित्येकदा सांधा दुखू लागण्याच्या आधीच चित्रात उमटत. म्हणजे ज्याची बोटे अद्याप सरळ होती आणि मुठीत कुदळ घट्ट बसत होती, अशा गड्याच्याही फुप्फुसात आमवाताने ठाणे दिलेले असे.