अर्थसीची तेनार

कुमारवयीन वाचकांसाठीच्या अद्भुतकथांत तलवार चालवणारी मुलगी आता नवलाची राहिलेली नाही. मात्र शौर्य दाखवले म्हणजे व्यक्तिरेखा जिवंत झाली, असे नव्हे. या दृष्टीने अमेरिकी लेखिका उर्सुला ले ग्विन (१९२९-२०१८) यांची तेनार आजही लक्षणीय ठरते.

'अर्थसी' हा कल्पित द्वीपसमूह. त्यावरील 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही पहिली कादंबरी १९६८ मध्ये आली. तीत जादूचे विद्यापीठ मुलग्यांचेच. बायकांची जादू कमअस्सल. १९७१ च्या 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन'मध्ये मात्र सूत्रे तेनारकडे येतात. मृत प्रमुख पुजारिणीचा पुनर्जन्म मानून तिला पाचव्या वर्षापर्यंत आई-वडिलांपासून तोडून वाळवंटातील देवस्थानात आणले जाते. तिचे नाव काढून घेतात आणि 'अर्हा', म्हणजे गिळली गेलेली, म्हणतात. देवस्थानाखालील भुयारांची ती स्वामिनी. तिथे उजेडाला मज्जाव असल्याने भिंती चाचपत, वळणे मोजत ती वाटा पाठ करते.

ले ग्विन तिला निष्पाप ठेवत नाहीत. कोवळ्या वयातच ती तीन कैद्यांना उपाशी मारण्याची आज्ञा देते आणि नंतर दुःस्वप्नांनी पछाडली जाते. जादूगार गेड भुयारात शिरतो, तेव्हा ती त्याला कोंडते. मारत मात्र नाही. तो तिला तिचे नाव परत देतो, पण अंधारातून बाहेरची वाट तिलाच ठाऊक असते. सुटकेनंतर त्याच गेडवर सुरी उगारण्याचा विचारही तिच्या मनात येतो. अशी नायिका बालसाहित्यात तेव्हा विरळाच. (पुस्तकाला १९७२ मध्ये 'न्यूबेरी ऑनर' लाभला.)

पुढे १९९० मध्ये 'तेहानू' आली. येथे तेनार मध्यमवयीन शेतकरी विधवा आहे. जादूचे शिक्षण तिने आपणहून सोडले, संसार केला, दोन मुले वाढवली. आता ती भाजलेल्या, टाकून दिलेल्या एका मुलीचा सांभाळ करते. गेडची शक्ती संपलेली. धुणीभांडी, शेळ्या आणि भय यांनी पाने व्यापलेली. थरार शोधणारे अनेक चाहते हिरमुसले, तरी 'नेब्युला' पुरस्कार या कादंबरीला मिळाला. कष्टाने राखलेल्या शेतावर कायद्याने हक्क मुलाचा, हा प्रसंग तर वाचकाला परका वाटूच नये!

पूर्वीच्या कादंबऱ्या पुरुषनायकाच्या परंपरेत लिहिल्याची कबुली ले ग्विन यांनी पुढे दिली. २००१ च्या 'द अदर विंड'मध्ये तेनार वार्धक्याकडे झुकलेली दिसते. परक्या दरबारात एकट्या पडलेल्या राजकन्येशी ती तिच्याच भाषेत बोलते, कारण ती तेनारचीही मातृभाषा असते.