काखेतली कक्षा

नवीन जालन्यात गच्चीवरून दिवेलागणीनंतर कधीतरी एक न लुकलुकणारा ठिपका पाचेक मिनिटांत आभाळ ओलांडताना दिसतो. ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. सुमारे ४०० किलोमीटर उंच, दीड तासात पृथ्वीला एक फेरी. २०२५ च्या जून-जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथे राहून आले.

स्थानकाच्या या फेरीच्या वाटेला आपण ‘कक्षा’ म्हणतो. संस्कृतात ‘कक्ष’ म्हणजे काख. ‘कक्षा’ म्हणजे कमरेचा पट्टा, आवाराची भिंतसुद्धा. प्राकृतातल्या ‘कक्ख’वरून आपली काख आली. अंगाला वेढणाऱ्या पट्ट्याचा हा शब्द, ‘कक्षा’, खगोलगणित्यांनी ग्रहांच्या वाटेला दिला. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) तो याच अर्थाने भेटतो. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ म्हणणाऱ्या आपल्याला काख आणि फेरा यांची जोडी तशी परकी नाहीच!

पट्टा मात्र आपोआप आवळत जातो. एवढ्या उंचीवरही विरळ हवा असते, तिच्या अडथळ्याने स्थानक हळूहळू खाली सरकतं. मग खाणंपिणं, इंधन घेऊन आलेलं ‘प्रोग्रेस’ हे रशियन मालवाहू यान जोडलेल्या अवस्थेतच इंजिन पेटवतं आणि स्थानकाला वर ढकलतं. माल उतरवून घेतल्यावर हमालीही त्याच्याचकडून!