कंबरदुखीची तात्कालिक कारणे

कंबरेत अचानक वेदना सुरू होण्यास निमित्त ठरणाऱ्या गोष्टींना कंबरदुखीची तात्कालिक कारणे म्हणतात. रुग्ण व भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) दोघेही मुख्यतः वजन उचलणे, वाकणे अशा शारीरिक कारणांकडे बोट दाखवतात. नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाडा परिसरासारख्या भातशेतीच्या भागात, जेथे लावणी तासन्‌तास वाकून केली जाते, ही समजूत स्वाभाविक आहे. सिडनीतील ९९९ रुग्णांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अवघडलेल्या स्थितीतील कामाबरोबरच थकव्यानेही धोका वाढल्याचे आढळले. सर्वाधिक वाढ काम करताना लक्ष विचलित झाल्याने होती. तेथीलच २०१४ च्या अभ्यासात तापमान, आर्द्रता वा पावसाशी कंबरदुखीचा संबंध आढळला नाही. त्यामुळे केवळ वजन टाळण्याचा सल्ला अपुरा ठरतो. विश्रांती व कामातील एकाग्रताही महत्त्वाची असते.