चौक लिहिणे : शहापूर-मुरबाड परिसरातील भित्तिचित्रांची प्रेरणा व पद्धती

सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेल्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील आदिवासी घरांत लग्नप्रसंगी भिंतीवर तांदळाच्या पिठाने जी आकृती उमटते, तिला ‘चौक’ असे नाव आहे. हा चौक ‘काढला’ जात नाही, ‘लिहिला’ जातो. वारली स्त्रियांच्या बोलीतील हा प्रयोग ऐकणाऱ्यास प्रथम चमत्कारिक वाटतो, कारण ज्या समाजाला अक्षरओळख फार उशिरा झाली, त्याच समाजाने चित्रासाठी लेखनाचे क्रियापद जपले आहे. या कलावंतांची प्रेरणा कोणती आणि ते आपल्या कामाकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर चित्रांतील आकृतींइतकेच या एका क्रियापदातही दडलेले आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रदेशाचा विचार केला पाहिजे. वारली समाजाची मुख्य वस्ती डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांत असून तिचा एक पदर शहापुरापर्यंत येऊन पोचतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तेव्हा डहाणू-जव्हारचा भाग त्या जिल्ह्यात गेला, आणि शहापूर व मुरबाड हे तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. या दोन तालुक्यांत वारल्यांच्या शेजारी म ठाकूर, क ठाकूर, महादेव कोळी व कातकरी यांची वस्ती आहे. ठाकूर समाजातही लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिण्याची चाल आहे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) ठाणे जिल्ह्यातील वारली, ठाकरी, कातकरी इत्यादी बोलींचा परामर्श मराठीच्या परिवारात घेतला आहे. लक्ष्मण नारायण चापेकर यांनी सह्याद्रीतील ठाकुरांविषयीचा आपला ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध केला, तर वारल्यांविषयी के. जे. सावे यांचा ग्रंथ १९४५ मध्येच निघाला होता. या प्रदेशाची दखल भाषाशास्त्राने व मानवशास्त्राने अशा रीतीने बरीच आधी घेतली. कलासमीक्षेची दृष्टी मात्र इकडे १९७० नंतर वळली.

आता क्रियापदाकडे वळू. संस्कृतातील ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे असा आहे. अक्षरलेखन व चित्रलेखन हे दोन्ही अर्थ त्यातूनच निघाले. ‘आलेख्य’ म्हणजे चित्र. मेघदूतातील यक्ष शिळेवर लाल मातीच्या रंगाने प्रियेचे चित्र रेखाटतो, तेव्हा कालिदासही त्यासाठी याच धातूचा उपयोग करतो. जुन्या मराठीतही चित्र ‘लिहिलेले’ असे. पुढे प्रमाण मराठीत ‘लिहिणे’ अक्षरांपुरते आकुंचित झाले आणि चित्राकडे ‘काढणे’ आले. आज रांगोळी काढतात, मेंदी काढतात, चित्रही काढतात. ‘काढणे’ या क्रियापदाचा उगम ओढणे, बाहेर खेचणे या अर्थाच्या प्राकृत रूपात आहे. डोंगराळ मुलखातील बोलीने भाषेचा एक जुना थर राखून ठेवला आणि शहरी भाषेने तो टाकून दिला, असे या उदाहरणावरून म्हणता येते.

तथापि, हे केवळ एका जुन्या शब्दाचे अवशेष म्हणून टिकून राहणे नव्हे. ‘काढणे’ आणि ‘लिहिणे’ यांत कर्त्याचे स्थान वेगळे असते. चित्र काढणाराच्या मनात काही असते व तो ते बाहेर आणतो. लिहिणाराजवळ मात्र मजकूर बहुधा आधीच असतो. तो नीट उतरला की नाही, त्यातले काही गळले तर नाही ना, हे पाहायचे असते. चौक लिहिण्याची पद्धती पाहिली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो.

कारवीच्या काठ्यांचा कूड मातीने लिंपतात, त्यावर शेणाचा व गेरूचा हात देतात, आणि अशा तांबूस भिंतीवर पाण्यात कालवलेल्या तांदळाच्या पिठाने लिहितात. लेखणी म्हणून बांबूची बारीक काडी टोकाशी चावून घेतात. लिहिण्याचा अधिकार सवासिणींचा, म्हणजे ज्यांचे पती हयात आहेत अशा स्त्रियांचा. बाहेरची चौकट रेघांच्या व नक्षीच्या अनेक पट्ट्यांनी भरतात. आत पालघट देवी, सूर्य, चंद्र, फणी, शिडी, बाशिंग अशी चिन्हे येतात. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव असतो. चौकटीबाहेर झाडे, पशुपक्षी, नाचणारी व कामात गुंतलेली माणसे येतात. एका चौकावर अनेक हात एकाच वेळी चालतात, म्हणून पूर्ण झालेल्या आकृतीतील अमुक रेघ कोणाची हे सांगता येत नाही आणि ते सांगण्याचे कारणही कोणास पडत नाही. लग्नविधी चालविणारी धवलेरी ही स्त्रीच असते. तिची गाणी आणि विधीचा क्रम तोंडपाठ असतो, आणि चौकात ज्या देवतांना जागा मिळते त्यांना गाण्यातही आवाहन केले जाते. लिहिलेला चौक आणि गायिलेली गाणी ही एकाच विधीची दोन अंगे होत. धवलेरीवाचून लग्न लागत नाही आणि चौकावाचूनही लागत नाही, अशी समजूत आहे.

यावरून प्रेरणेच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. येथे चित्रास कारण होतो तो प्रसंग. सवासिणीला स्फुरण झाले म्हणून चौक लिहिला जात नाही. घरात लग्न निघते म्हणून तो लिहिला जातो, आणि लग्न आटोपल्यावर तो पुसट होत जातो याचे कोणाला दुःख नसते. त्यातील पांढरा रंगही साधा रंग नव्हे. तांदूळ हे धान्य आहे, आणि धान्याची देवता कणसरी, जिच्या नावातच ‘कणीस’ आहे, ती वारल्यांच्या श्रद्धाविश्वात मोठ्या मानाची आहे. ज्या घरात पावसाळ्याच्या अखेरीस पोटभर भाताची ददात पडते, तेथे मूठभर तांदूळ दळून भिंतीला देणे यालाही अर्थ आहे.

ज्या प्रसंगासाठी चौक लिहिला जातो, त्या लग्नाची सामाजिक किंमत लक्षात घेतल्याखेरीज हा अर्थ पुरता कळत नाही. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिमिंग्टन यांच्या अहवालाने मुंबई प्रांतातील आदिवासींची पिळवणूक सरकारदरबारी नोंदविली. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात ठाणे जिल्ह्यातील ‘लग्नगडी’ पद्धतीचे वर्णन केले आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यावेत आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबावे, अशी ती पद्धत होती. वेठबिगार व लग्नगडी यांविरुद्धच्या लढ्याला १९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे भरलेल्या किसान सभेच्या परिषदेनंतर जोर चढला. खर्च झेपत नसल्याने अनेक जोडपी आधी संसार थाटीत आणि लग्नाचा विधी पुढे, कित्येकदा मुले झाल्यावर, उरकीत. अशा घरात चौक लिहिला जाणे म्हणजे एक दीर्घकाळ लांबलेले काम अखेर पार पडल्याची नोंद होय. चौकाकडे निव्वळ वनवासी आनंदाचा आविष्कार म्हणून पाहणाऱ्या दृष्टीतून ही बाजू निसटते.

या कलेची प्राचीनता सांगताना आणखी एक मोह आवरला पाहिजे. वारली चित्रांतील त्रिकोणी मनुष्याकृती पाहून त्यांचे नाते थेट भीमबेटकाच्या गुहाचित्रांशी जोडले जाते. आकृतींचे साम्य हा परंपरेचा पुरावा नव्हे. दोन त्रिकोण टोकाशी जोडून माणूस दाखविणे हे अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. मुरबाडच्या बाबतीत असाच मोह नाणेघाटामुळे होण्याचा संभव आहे. तालुक्यातील वैशाखरे गावाकडून चढणाऱ्या या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत शिलालेख आहे आणि तो सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानला जातो. त्याच्या आरंभी देवतांना नमन करताना चंद्र व सूर्य यांचाही उल्लेख येतो, आणि पुढे यज्ञांची व दक्षिणेची मोजदाद येते. चौकातही सूर्यचंद्र आहेत. तेवढ्यावरून एकाचे मूळ दुसऱ्यात शोधणे अशास्त्रीय होईल. तुलना करावयाची असेल ती लेखनाच्या हेतूची करावी. राणीचा लेख कायम टिकावा म्हणून दगडात कोरलेला आहे आणि त्यात दात्यांची नावे आहेत. घाटाखालच्या झोपडीतील लेख मात्र पुसला जाण्यासाठीच आहे, आणि त्यात कोणाचेही नाव नाही.

हे अनामत्व विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात संपुष्टात आले. त्याचा इतिहास पाहण्यासाठी थोडे बिहारमध्ये जावे लागते. १९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाने पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मिथिलेतील स्त्रियांना चित्रांसाठी कागद पुरविला. ते काम भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराकडे होते. मिथिलेतील चित्रेही मूलतः विवाहगृहाच्या, म्हणजे कोहबराच्या, भिंतीवरची आहेत, ती स्त्रियांचीच आहेत, आणि तेथेही ती ‘लिहिली’ जातात. पुढे हेच कुलकर्णी ठाणे जिल्ह्यात आले आणि त्यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) त्यांना येथेच भेटले. म्हसे यांच्या चित्रांचे प्रदर्शन १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात भरले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसिएँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांचा समावेश झाला, आणि २०११ मध्ये ते पद्मश्रीचे मानकरी ठरले.

एकच मध्यस्थ, एकच साधन, आणि दोन्हीकडे मुळात स्त्रियांचे विवाहलेखन. असे असूनही परिणाम उलटे झाले. मिथिलेत जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही स्त्रियांची नावे पुढे आली, आणि जगदंबा देवींना १९७५ मध्येच पद्मश्री मिळाली. ठाणे जिल्ह्यात मात्र कागदावर प्रथम पुरुषांची नावे उमटली. याचे कारण पद्धतीतच शोधता येते. वारली चौकाचा गाभा, म्हणजे पालघटाची चौकट, ही विधीशी इतकी घट्ट बांधलेली आहे की लग्नावाचून ती लिहिणे हे सवासिणीच्या दृष्टीने निरर्थक, क्वचित अनुचितही ठरावे. चौकटीबाहेरचा भाग त्या मानाने मोकळा होता. कागदावर जे आले ते मुख्यतः हाच मोकळा भाग : तारप्याभोवतीचा वर्तुळाकार नाच, भातलावणी, शिकार, झाडाखालची वस्ती. ज्यांच्यावर विधीची जबाबदारी नव्हती, त्या पुरुषांना हे क्षेत्र सहज खुले झाले. म्हसे यांची थोरवी यामुळे उणावत नाही. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले व धुळीत रेघा ओढून मनातले सांगू लागले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ते खरे धरले तर त्यांची प्रेरणा व्यक्तिगत होती. म्हणजेच ‘लिहिणे’ या कल्पनेपेक्षा ‘काढणे’ या कल्पनेच्या ती जवळची आहे. एकाच नावाखाली आज दोन वेगळ्या कला नांदत आहेत, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

आज ‘वारली चित्र’ या नावाला भौगोलिक मानांकन (२०१४) आहे. त्याच्या आकृती कपड्यांवर, कपांवर, सरकारी इमारतींच्या कुंपणभिंतींवर दिसतात. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतील अनेक तरुण-तरुणींना त्यातून चार पैसे मिळतात, आणि ज्या मुलखात रोजगारासाठी घर सोडून जाणे हीच पिढ्यानपिढ्यांची रीत होती, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नाही. मागणी येते ती बहुधा तारपानृत्याची. पालघटाचा चौक मागणारे गिऱ्हाईक विरळा. दुसरीकडे कुडाच्या जागी विटा-सिमेंटची भिंत आली आहे. लग्नात धवलेरीऐवजी अन्य पुरोहित आला की तिची गाणी आणि चौकाचा आग्रह ही दोन्ही एकदमच सैल पडतात. कागदामुळे आकृती वाचली, ही गोष्ट खरी. परंतु तिच्याबरोबरचे गाणे, अधिकार आणि क्रियापद कागदाने वाचविलेले नाही.

म्हणून यापुढे या परिसरात जो अभ्यासक जाईल, त्याने आपल्या प्रश्नाची घडण तपासून पाहणे अगत्याचे आहे. ‘हे चित्र कोणी काढले व त्यामागची प्रेरणा काय’ असा प्रश्न केला की उत्तर एका व्यक्तीचे नाव घेऊन येते, आणि ते नाव बहुधा पुरुषाचे असते. ‘हा चौक कोणाच्या लग्नात, कोणकोणत्या सवासिणींनी लिहिला, आणि त्या वेळी कोण गात होते’ असे विचारले तर मात्र साऱ्या घराचा, पाड्याचा आणि ऋणानुबंधाचा वृत्तान्त समोर येतो. आकृती, गीत व रेघांचा क्रम यांची नोंद एकाच वेळी, त्या स्त्रियांच्या संमतीने व त्यांच्याच बोलीत करणे हे काम अजून शक्य आहे. धवलेऱ्यांची वये पाहता ते लांबणीवर टाकण्याजोगे नाही.