काच, पाइक आणि एक सोयीची दंतकथा

१/ प्रेरणादायी व्याख्यानांत एक कथा हमखास भेटते. शिकारी माशाच्या टाकीत मधोमध काच बसवली. धडका देऊन तो खचला. काच काढल्यावरही समोरच्या माशांना न शिवता उपाशी मेला. जुनी नोंद मात्र निराळे सांगते.

२/ जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मोबियस यांनी १८७३ साली पाइक या गोड्या पाण्यातील शिकारी माशाची हकिकत प्रसिद्ध केली. चार्ल्स डार्विन यांनी ती 'द डिसेंट ऑफ मॅन'च्या १८७४ च्या दुसऱ्या आवृत्तीत घेतली.

३/ काचेपलीकडच्या माशांवर झेपावताना पाइक इतक्या जोराने आदळे, की कधी कधी निपचित पडे. तीन महिन्यांनी त्याने हा नाद सोडला. मग काच काढली. त्या माशांना त्याने धक्का लावला नाही. नंतर सोडलेले दुसरे मासे मात्र खुशाल फस्त केले!

४/ डार्विन यांच्या मते, त्याच्या मनात आघाताची सांगड त्या विशिष्ट माशांशीच बसली होती.

५/ म्हणजे पाइक ना निरुपद्रवी झाला, ना हताश. डार्विन यांच्या वृत्तान्तात उपासमार नाहीच. बोधकथेने ती जोडली आणि फस्त झालेले मासे गाळले. कथा पारखताना काय गाळले गेले, तेच आधी शोधावे.