गुणाकाराला वळसा

बी-५८ हसलर हे अमेरिकेचे स्वनातीत बॉम्बफेकी विमान. त्याच्या दिशादर्शनासाठी क्षणोक्षणी त्रिकोणमिती सोडवावी लागे आणि ते काम ॲनालॉग रिझॉल्व्हर करी. त्याची अचूकता पुरेना, तेव्हा कॉन्व्हेअर कंपनीतल्या जॅक व्होल्डर यांच्याकडे डिजिटल पर्याय शोधायचे काम आले. १९५६ साली त्यांनी तो कंपनीच्या अंतर्गत अहवालात मांडला. १९५९ मध्ये तो छापून आला. नाव कॉर्डिक.

अडचण होती ती गुणाकाराची. सदिश फिरवायचा तर साइन-कोसाइन हवेत, वर चार गुणाकार. त्या काळच्या सर्किटांना गुणाकार फार महागात पडे. बेरीज मात्र स्वस्त, आणि द्विमान संख्या एक घर उजवीकडे सरकवली की आपोआप निम्मी होते. म्हणून व्होल्डर यांनी ज्यांचे टॅन्जंट १, १/२, १/४, १/८ असे निम्मे होत जातात तेवढेच कोन निवडले: ४५ अंश, २६.५६५, १४.०३६, ७.१२५... फिरवण्यातला कोसाइन बाजूला काढला की उरते टॅन्जंटने गुणणे, आणि आता ते म्हणजे नुसते सरकवायचे.

समजा ३० अंश हवेत. ४५ पुढे, २६.५६५ मागे, १४.०३६ पुढे, झाले ३२.४७१. जास्त झाले, म्हणून ७.१२५ मागे. आता कमी पडले, म्हणून ३.५७६ पुढे, २८.९२२. असे करत दर पायरीला साधारण एकेक द्विमान अंक पक्का होतो.

पण या रीतीचे खरे सौंदर्य मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. कोसाइन बाजूला काढल्याने दर वळणाला सदिश थोडा लांबतो. मात्र एकही पायरी गाळायची नाही, पुढे किंवा मागे वळायचेच, असा दंडक असल्याने कोन कोणताही असो, शेवटी लांबी सुमारे १.६४७ पटच होते. मग सुरुवातच ०.६०७२५ या लांबीने करायची. कोसाइन आणि साइन आयते हाती येतात.

अंकामागून अंक काढण्याची ही वाट जुनी आहे. हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ च्या लॉगरिदम-ग्रंथात तिच्याशी नाते सांगणारी रीत वापरली होती. १९७१ मध्ये ह्युलेट-पॅकार्डच्या जॉन वॉल्थर यांनी भागाकार, घातांकी फल आणि लॉगरिदमही कॉर्डिकच्याच साच्यात बसवले. १९७२ चा एचपी-३५ कॅल्क्युलेटर खिशात मावणारा होता. त्याने याच कुळातल्या रीती दशमान अंकांत चालवल्या आणि स्लाइड रूलची सद्दी संपवली. १९८० च्या इंटेल ८०८७ या गणिती चिपमध्येही कॉर्डिक होते.

पुढे चिपवर गुणाकार स्वस्त झाला आणि पेंटियमने बहुपदींचा मार्ग धरला. तरी आजच्या एसटीएम३२जी४ या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोसेसरशेजारी कॉर्डिकचे स्वतंत्र सर्किट आहे. मोटर चालवताना विद्युतप्रवाहाचा सदिश सेकंदाला हजारो वेळा फिरवावा लागतो. ते काम या सर्किटावर सोपवता येते.